डोकं कोणाच्या हाती

९ फेब्रुवारी
ऑफिसच्या बोर्डावर वार्षिक फोटो लागला. फोटोग्राफर जिन्यात उभा राहून काढत होता, तेव्हाच म्हटलं होतं, खालून काढ. ऐकलं नाही. बाकीच्यांचे चेहरे आलेत. माझं टक्कल आलंय, आणि त्यात ट्यूबलाइट. शेजारी सेल्समधला तुरा, केस कपाळावर घेऊन हसतोय. आम्ही त्याला तुरा म्हणतो. ट्रान्सप्लांट केलंय, कबूल करत नाही.
निर्णय झाला. मीही करणार. पण उठलो आणि दिसेल त्या पहिल्या सर्जनपुढे बसलो, असं नाही. मी खरेदी विभागात आहे. सप्लायर पारखणं हा माझा पेशा. सर्जनही तसाच पारखणार. डोळ्यांत तेल घालून.

११ फेब्रुवारी, सकाळी
बायकोला सांगितलं. म्हणाली, कर हवं तर, पण आधी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. बाबा परवा दाराच्या चौकटीवर आपटले. त्यांचं म्हणणं, समोरचं दिसतं, बाजूचं कोणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार, दुसरं काय.
बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानावर एक डोळ्यांची डॉक्टर बसते, तिला दाखवू. म्हटलं, डोळा म्हणजे काय चप्पल आहे, कोपऱ्यावर दाखवायला? तोही डॉक्टर मीच शोधणार, नीट. आधी हे एक काम मार्गी लागू दे. एकदा पद्धत बसली की दुसरा सर्जन शोधणं सोपं.
बायकोने पोळ्या लाटायला घेतल्या. बाबांना मात्र पटलं. म्हणाले, तू बघशील तो चालेल.

२ मार्च
पहिला सर्जन. बाहेर लाकडी बाक, भिंतीवर एकही फोटो नाही. डॉक्टर स्वतः टकला. तिथेच मन उठलं. तरी बसलो.
भिंग लावून मागची बाजू बराच वेळ पाहिली. केस ओढून पाहिले. म्हणाला, मागचेच विरळ आहेत. तिथून काढून पुढे लावले तर मागे उघडं पडेल. शिवाय गळती अजून चालू आहे. वर्षभर औषध घ्या, मग बघू. आत्ता मी करणार नाही.
आमच्याकडे जो सप्लायर ऑर्डरला नाही म्हणतो, त्याच्याकडे माल नसतो. नाव कापलं.
निघताना विचारलं, तुम्ही स्वतःचं का नाही केलंत? म्हणाला, माझेही मागचे विरळ आहेत. उत्तर तयारच होतं. पढवलेलं वाटलं.

१० मार्च
बाबांनी चहा कपाबाहेर ओतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. किटली बदलायला हवी. तोटी वाकडी आहे.

२३ मार्च
दुसरी सर्जन. बाई. शांत बोलतात, हे खटकलं. म्हणाल्या, केस काढण्यापासून लावण्यापर्यंत सगळं मी स्वतः करते, दिवसाला एकच पेशंट घेते, म्हणून तारीख लांबची मिळेल. म्हणजे हाताखाली माणसं टिकत नाहीत.
आधीचे आणि नंतरचे फोटो मागितले. थोडेच होते. त्यातही दोन न जमलेल्या कामाचे, स्वतःहून दाखवले. काय चुकलं तेही सांगितलं. मी आजवर असा सप्लायर पाहिला नाही, जो सँपल म्हणून रिजेक्ट झालेला माल पुढे ठेवतो.
नाव कापलं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मला तर या बाई बऱ्या वाटतात. तिला खरेदीतलं काही कळत नाही.

५ एप्रिल
तुऱ्याला लिफ्टजवळ गाठलं. आधी म्हणाला, आनुवंशिक आहेत. मग कबूल झाला. त्याचा सर्जन देवमाणूस आहे म्हणे. नंबर त्याने इतक्या उत्साहाने दिला की मी गहिवरलो. माणसाबद्दल उगाच वाईट बोलत होतो.

१२ एप्रिल
सापडला.
काचेचं दार, मऊ सोफा, विचारायच्या आत कॉफी. सल्लागार मुलीने आरशात माझ्या कपाळावर पेन्सिलने रेघ काढून दाखवली. कॉलेजच्या दिवसांनंतर मी स्वतःला पहिल्यांदाच ओळखलं. मग डॉक्टर आले. दोन्ही हातांत हात घेतला. म्हणाले, अशी आयडियल डोकी रोज येत नाहीत.
मी भुलणारा नाही. कडक प्रश्न विचारले. मागचे केस पुरतील का? म्हणाले, पुरून उरतील. केस रोवायला भोकं कोण पाडणार? म्हणाले, आमची टीम. मनातल्या मनात पास केलं. एकट्याच्या जिवावर चालणारं काम मला पसंत नाही.
घरी येताना गुणगुणत होतो.

१५ एप्रिल
क्लिनिकने घराण्याची माहिती म्हणून वडिलांच्या डोक्याचा फोटो मागितला. बाबांना खिडकीपाशी बसवलं. ते लगेच चष्मा काढून ताठ बसले. विचारलं, डोळे मोठे उघडू का? डॉक्टरला नीट दिसायला हवेत. त्यांना वाटलं, डोळ्यांच्याच डॉक्टरला पाठवतोय. आता सगळं समजावत कुठे बसायचं. म्हटलं, खाली बघा.
फोटो चांगला आला.

४ मे, संध्याकाळी
झालं. डॉक्टर आले, रेघ मारली, हात मिळवला, गेले. परत आले नाहीत. एवढा विश्वास आहे त्यांचा टीमवर. टीम म्हणजे मास्क लावलेले दोघे. एक जण दुसऱ्याला विचारत होता, एवढं खोल पुरे का. शिकाऊ असेल. शिकणारा माणूस अद्ययावत असतो.
दुखतंय. लिहायचं थांबवतो.

७ मे
कपाळ सुजून डोळ्यांवर उतरलंय. जेवताना बाबांच्या शेजारीच बसलो होतो. आमटी मागितली नाही, तोंड उघडवत नव्हतं. बाबा बायकोला विचारत होते, तो अजून आला नाही का?
सुजेमुळे ओळखलं नसेल.

२ जून
लावलेले केस गळले. क्लिनिक म्हणतं, गळणारच, नवे त्याच जागी येतात. इंटरनेटही तेच म्हणतं. निश्चिंत.
बायकोने पुन्हा बाबांचा विषय काढला. बाबा आता भिंतीला हात लावून चालतात. म्हटलं, माझा रिझल्ट येऊ दे. क्लिनिक चांगलं निघालं तर याच डॉक्टरांना विचारू, त्यांच्या ओळखीत डोळ्यांचाही कोणी असेल. ती उठून आत गेली. नियोजन म्हटलं की लोकांना कंटाळा येतो.

१९ ऑगस्ट
आले. म्हणजे काही ठिकाणी. ओळीने, टूथब्रशसारखे, मध्ये मोकळी जागा. मागच्या बाजूला कुरतडल्यासारखे गोल गोल डाग. मागचं मला दिसत नव्हतं. केस कापणाऱ्याने दोन आरसे धरून दाखवलं आणि लगेच आरसे खाली ठेवले.
क्लिनिकला फोन केला. सल्लागार मुलगी नोकरी सोडून गेली. डॉक्टर बाहेरगावी. कधी येतील, सांगता येत नाही.
तुऱ्याला जाब विचारला. म्हणाला, माझंही बिघडलं होतं, मी दुसरीकडे दुरुस्त करून घेतलं. कुठे, तर त्याच शांत बाईंकडे. म्हटलं, मग मला तिथे का पाठवलंस? म्हणाला, पेशंट पाठवला की क्लिनिकवाले केसांचं मलम फुकट देतात.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

२१ सप्टेंबर
बायकोने बाबांना परस्पर कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. मला विचारलंही नाही. मी ऑफिसात होतो.
काचबिंदू. डावा डोळा गेला. उजव्यात धूसर आकार तेवढे उरलेत, तेही थेंब घालून टिकले तर टिकतील. गेलेलं परत येत नाही. डॉक्टर म्हणाली, बाजूचं दिसेना तेव्हाच आणायला हवं होतं.
बायकोने हे सगळं कपड्यांच्या घड्या घालत सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.
म्हटलं, हे एका डॉक्टरचं मत झालं. सेकंड ओपिनियन घ्यायला हवं. मी चांगला कोणीतरी शोधतो.
ती म्हणाली, बाबांसाठी तू आता काही शोधू नकोस.

९ ऑक्टोबर
त्या टकल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. पुन्हा भिंग. कोणी केलं, विचारलं. म्हटलं, आठवत नाही. त्यानेही ताणलं नाही. म्हणाला, मागे आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळे बारीक करून टाका, बरं दिसेल.
आधी इतकं स्पष्ट बोलला नव्हता. बोलला असता तर मी ऐकलं असतं.

१८ नोव्हेंबर
बायकोला कामावरून यायला उशीर होतो. संध्याकाळचे थेंब आता मी घालतो. आज थेंब आधी गालावर पडला, मग नाकावर. बाबा हलले नाहीत. तिसऱ्यांदा डोळ्यात गेला.
डोळे मिटून बसल्या बसल्या विचारलं, तुझ्या केसांचं काय झालं? मध्ये किती बोलत होतात तुम्ही दोघं, आता विषयच नाही.
म्हटलं, आले. चांगले दाट आलेत.
डोळे उघडून माझ्याकडे तोंड केलं. म्हणाले, खरंच की, काळं काळं दिसतंय. मी काळी टोपी घातली होती.
म्हणाले, तू डॉक्टर पारखून घेतलास, म्हणून झालं. तुझ्या आईला फार बरं वाटलं असतं. मग हात वर केला. बघू, म्हणाले.
मी मान मागे घेतली. म्हटलं, अजून नाजूक आहेत, डॉक्टरने हात लावायला मनाई केलीय.
बरं बरं, म्हणाले. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग चाचपत खाली आणून मांडीवर ठेवला.