साहेबांसाठी थांबलेले खजूर

रमजान, शुक्रवार. इंदापूर.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पुढाऱ्याची इफ्तार होती. सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, खजूर तोंडाशी नेला, तेवढ्यात त्याचा कार्यकर्ता ओरडला, "चाचा, थांबा! साहेब वाटंत हायेत. फोटो काढून समदे संगंच सोडू."

आणि सगळे थांबले! दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि अजान झाल्यावरही रोजा ताणायचा? सोडायला उशीर करू नये, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मी म्हणालो, "रोजा अल्लासाठी धरलाय, साहेबांसाठी न्हाय." आणि खाल्ला.

आता मोबाईलवर फोटो आलाय. मधोमध साहेब हसतायत. सगळ्यांच्या हातात अख्खा खजूर. माझ्या बोटांत नुसती बी.