लष्करी पिशवीचे दोन कप्पे

प्रिय बाबा,

लोरेटाचा ॲरिझोनाहून नमस्कार. मी बरी आहे, काम भरपूर आहे. आपल्या डोंगरावर बर्फ पडला का?

सोबतची पिशवी लष्कराच्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. तुमच्या ठासणीच्या बंदुकीसाठी ती उसवून पुन्हा शिवली आहे. बंदुकीच्या दारूचं माप पुढच्या कप्प्यात, गोळ्या मागच्या बटणाच्या कप्प्यात. म्हणजे हात आधी दारूवरच पडेल.

गेल्या नाताळात तुम्ही दारू न घालताच गोळी ठासलीत, तेव्हा एल्वुडकाका म्हणाले होते, "हरणाला गोळी काय हातानं फेकून मारणार, दादा?" आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत, ते मी पाहिलं होतं.

यंदा चूक दाखवायला काका सोबत नाहीत. बंदूक भरली की नाही हे आठवेना, तर पुन्हा भरू नका; दुप्पट दारूनं नळी फुटेल. तशीच घेऊन घरी या.

पट्टा तुमच्या जाड कोटावर बसावा म्हणून मी इथल्या गरम हवेतही जाड कोट घातला आणि झाडूचा दांडा बंदुकीसारखा धरून दहादा भरून पाहिला. दहाही वेळा हात बरोबर पडला. हसायला मात्र खोलीत कुणी नव्हतं.

शिकारीहून परतलात की फोन करा. हरीण मिळालं नाही तरी करा.

तुमचीच,
लोरेटा