नकाशातलं आमचं दार

बालाघाट
३ ऑगस्ट २०२५

प्रिय धम्मपालदादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत, हे सवयीनं लिहिलं. बऱ्या नाही. दोघींचे फोन काहून बंद आहेत म्हणून तू घाबरला असशील. शेजारच्या अंजूच्या फोनवरून हे सारं बोलता येत नाही, म्हणून पत्र.

आमच्या कम्प्युटर सेंटरात फॉर्म भराले येणारा एक जण दोन महिन्यांपासून माह्या मागं लागला आहे. लग्नाले मी नाही म्हणलं. त्याले फक्त आपला वार्ड माहीत होता, घर नाही. परवा त्यानं आपल्या दाराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "घर मिल गया।"

मोबाइलच्या नकाशात रस्त्यांचे फोटो राह्यते ना, त्यात एकेक गल्ली पाहत तो दारापर्यंत आला. माही जांभळी स्कुटी फाटकापाशी उभी आहे, त्यावरून ओळखलं. अन् ती स्कुटी बाबा पुसून राह्यले आहेत. बाबाले जाऊन दोन वर्षं झाली, पण तिथं, त्या जुन्या फोटोत, ते अजून पुसूनच राह्यले आहेत.

तो आईच्याही नंबरवर फोन करते, म्हणून दोन्ही फोन बंद ठेवले. गल्लीत कोणाची गाडी हळू झाली की आई खिडकी लावते. काय करू, सांग.

माया आहे तशीच राहू दे.
तुही मिता

नागपूर
७ ऑगस्ट २०२५

चि. मितास आशीर्वाद, ती. आईस जयभीम.

तुहं पत्र आज भेटलं. आधी एक ऐक, यात तुहा काही दोष नाही. मेसेज मिटवू नको. रविवारी मी येतो, आपण सोबत पोलीस थान्यात जाऊ.

मी चौकशी केली. त्याच नकाशात घराच्या फोटोवर चौकट ठेवून नकाशाच्या कंपनीले कळवता येते. मग ते घर पुसट करून टाकतात. त्यानं जे जपून ठेवलं असंल ते राहील, पण रोज आपल्या दारापर्यंत येणं त्याले जमणार नाही. मात्र एकदा पुसलं की पहिल्यासारखं कधीच होत नाही. अन् त्या चौकटीत बाबाही येतात.

तुले सांगितलं नव्हतं, मी रोज जेवणाच्या सुट्टीत नकाशातल्या त्या फोटोत जातो. चेहरा कंपनीनं आधीच पुसला आहे, पण वाकलेली पाठ अन् डोक्याचा गमछा बाबाचाच. एक पाऊल समोर गेलं की बाबा मान वर करतात. आणखी एक पाऊल, अन् ते दिसत नाहीत. माह्यानं ते कळवायचं बटन दाबल्या जात नाही. आईले विचार.

दोघी एकमेकींले जपा.
तुहा दादा

बालाघाट
२६ ऑगस्ट २०२५

चि. धम्मपालले आईचा आशीर्वाद.

तू आलता त्या रविवारी मी दाब म्हणलं अन् सैपाकघरात जाऊन बसली. तुले वाटलं असंल, आईले काही वाटत नाही. तुह्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहून राह्यली.

थान्यात त्या माणसाकडून लिहून घेतलं तवापासून त्याचा मेसेज नाही. मिता कामाले जाते. मी चौकापर्यंत सोबत जाते. पण कोणाची गाडी दारापाशी थांबली की माहा जीव अजूनही थांबते. त्याचं पाहणं घराले चिकटून बसलं आहे.

पुसायच्या आधी तू नकाशातून छापून आणलेला फोटो भिंतीले लावला. चांगला आहे, पण त्यात तुहे बाबा मान वर करत नाही.

काल अंजूनं तिच्या फोनवर नकाशा दाखवला. घराच्या जागी नुसती राख कालवल्यासारखं. फाटक नाही, स्कुटी नाही, तुहे बाबा नाही. अंजू फोन मांगे, माह्या हातून सुटे ना. मग मले दिसलं, पुसलेल्या जागेच्या बाहेर, रस्त्यावर, त्यायचा एक पाय राहून गेला आहे. निळ्या पट्ट्याची चप्पल. मिता म्हणे, पुन्हा कळवू, तेही पुसून घेऊ.

मी नाही म्हणलं. तेवढ्यावरून त्या माणसाले काही समजणार नाही. मले समजते.

वेळेवर जेवत जाय, अन् आमच्यावर जीव असू दे.
तुही आई
जिजाबाई