देवयानीतले उपरे

बाई,

परवा तुमचा फोटो पाहिला आणि मला शिसारी आली. तुमची नव्हे. फोटोला घातलेल्या हाराची, मागच्या फ्लेक्सची, आणि त्यावर छापलेल्या मजकुराची. देवयानी दीर्घिकेतल्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांची आजवरची सर्वांत मोठी सूची म्हणे, आणि ती तुमच्या स्मृतीस अर्पण. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहून तुम्ही म्हणायचात, "जन्माला आले, एवढंच कर्तृत्व." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तुम्हीच फ्लेक्सवर.

तुमचं सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर आठवत होतं. गॅसवर दूध तापतंय, जेवणाच्या टेबलावर वर्णपटांचे कागद पसरलेत, एकेका कागदावर एकेका ताऱ्याचा उजेड रेघारेघांत उकललेला. मी स्वयंपाकघरात, माझी मैत्रीण हॉलमध्ये, मधलं दार बंद. दोघींनी एकमेकींना न विचारता ठरवायचं की हा तारा खरंच देवयानीतला महाराक्षसी आहे, की आपल्याच आकाशगंगेतला, वाटेत येऊन उभा राहिलेला एखादा बटू. रंग दोघांचाही तांबडा, तेजही दिसायला सारखंच. एक अवाढव्य पण फार दूरचा, दुसरा किरकोळ पण जवळचा. कॅल्शियमच्या रेघा किती खोल आहेत आणि तारा देवयानीच्याच वेगाने आपल्याकडे येतोय का, हे पाहिल्याशिवाय उपरा ओळखू येत नाही. दोघींचं जुळलं तर सूचीत, नाही तर 'शंकास्पद'. शंकास्पद ताऱ्यांचे कागद तुम्ही वेगळ्या फायलीत, जास्त जपून ठेवायचात.

एकदा चहाच्या वेळी मैत्रीण तिच्या एका ताऱ्याबद्दल ठासून बोलत होती. मला पटत नव्हतं, पण तिचा आवाज मोठा होता, म्हणून मी मान डोलावली. तुम्ही हातातली गाळणी खाली ठेवलीत.

"पटलं का गं तुला?"

"तसं नाही बाई, पण..."

"मग मान कशाला डोलावतेस? त्याला नंदीबैल आहेत. ते बिचारे पोटासाठी दारोदार फिरतात. तुला इथे चहा फुकट मिळतो."

येरवड्याला घरी पोचेपर्यंत मी बसमध्ये रडत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही झालंच नाही अशा आवाजात मला नवे कागद दिलेत.

आता सूची संगणक करतो. त्याला माझी ना नाही. इतके ठिपके डोळ्यांनी तपासायला आयुष्य पुरायचं नाही. आणि खरं सांगू, संगणकाने इमानदारीच केली होती. ज्यांची खात्री नव्हती ते तारे त्याने 'शंकास्पद' म्हणून बाजूला काढले होते. आमच्या विभागप्रमुखांनी तो शेराच उडवला आणि सगळे सरसकट महाराक्षसी करून टाकले. मी विचारायला गेले तेव्हा ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"अहो मॅडम, थोडे उपरे राहिले तर कुणाला कळणार आहे? आकडा बघा ना, कसला भारी दिसतोय!"

शेजारी बसलेला आमचा नवा संशोधक म्हणाला, "मॅम, रिव्ह्यूअरला इश्यू नाहीये, मग आपण का स्ट्रेस घ्यायचा?"

मला त्या ओल्या बिस्किटाचीसुद्धा किळस आली. म्हटलं, माझं नाव काढा. त्यांनी ते लगेच काढलं. इतकी तत्परता त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात दाखवली नसेल. मग म्हटलं, बाईंचंही काढा. तर म्हणतात, "त्यांची काय हरकत असणार?" आणि हसले.

तरी परवा मी सूचीच्या प्रकाशन समारंभाला गेले. वारज्याच्या माझ्या आताच्या घरून निघतानाच ठरवलं होतं की तुमच्या नावावर काही खोटं खपवलं तर तिथल्या तिथे उठून बोलायचं. जुनी विद्यार्थिनी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. मग विभागप्रमुख बोलायला उभे राहिले. म्हणाले, "बाईंची शिस्त आम्ही सोडलेली नाही. यातला प्रत्येक तारा दोघा जणांनी स्वतंत्रपणे, डोळ्यांनी तपासलेला आहे." एकही तारा कुणी पाहिलेला नव्हता. मी खुर्चीचा हात धरला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि गोड हसून म्हणाले, "बाईंच्या ज्येष्ठ विद्यार्थिनी इथे समोरच बसल्या आहेत. खरं ना, मॅडम?"

सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. फोटोतून तुम्हीही. शाल मांडीवर होती, नारळ शालीवर.

हे पत्र कुठेच पोचणार नाही, म्हणून तर लिहिते आहे. मी उठले नाही, बाई. मी मान डोलावली.