खेळाचा तास मागणारी

जय भीम, साळवे सर,

तुम्ही रोज मला असंच म्हणायचात आणि मी हातातल्या वह्या सावरत घाईघाईने उत्तर द्यायचे. आज पहिल्यांदा मी आधी म्हणतेय.

लिहायचं कारण सांगते. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात, त्यानंतर खेळाचा तास रिकामाच आहे. आज मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तो तास तुमीच घ्या. शिष्यवृत्तीची तयारी व्हईल." आणि मी मान डोलावली हो! बाहेर आले तर पाचवीची पोरं दाराशीच उभी. "मॅडम, खेळाचा तास आता न्हाईच का?" मी वह्या सावरत वर्गात शिरले. उद्या वेळापत्रक भिंतीवर लागेल.

परभणीच्या त्या प्रशिक्षणाला आपण सगळेच गेलो होतो, आठवतं? मुलांचा खेळ आणि मानसिक आरोग्य. आम्ही चहा प्यायलो, सह्या केल्या आणि फाइल कपाटात टाकली. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी मैदानावर आखणीसाठी फक्कीची पोतं घेऊन उभे! तुमच्याकडे गडी निवडायची पद्धतच नव्हती. ज्याचं नाव शेवटी उरतं त्याचं तोंड उतरतं, म्हणून चिठ्ठ्या टाकायचात. बाद झालेलं लेकरू गुण मोजायचं, कडेला नुसतं बसायचं नाही. अक्षर तुमचं भयंकर होतं, हजेरी कायम अपुरी. पण कोणत्या पोराने आज डबा खाल्ला नाही, हे तुम्हाला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. कसं कळायचं, सर?

एकदा एका पोराचे वडील तावातावाने आले होते. "रानात पळतंयच की लेकरू, शाळेत कशाला पळवायलाय?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "रानात कामामागं पळतंय, दादा. हितं त्याला त्याच्या मनानं पळू द्या."

आणि पूनम. आई गेल्यावर मावशीकडे राहायला आलेली, दहा वर्षांची. शाळेत एक शब्द बोलायची नाही. मी तिला रोज उभं करायचे, पाढा विचारायचे, एकदा तर रागावलेही. तुम्ही तिला खो-खोत घेतलंत. वाऱ्यासारखी पळायची! पण खो द्यायची वेळ आली की पाठीवर नुसती थाप, तोंडातून आवाज नाही. आणि तुम्ही, दयामाया न करता, दर वेळी शिट्टी वाजवून फाऊल धरायचात.

"सर, हिला काढा. हिच्यामुळं आमी हरायलोय," पोरं ओरडायची.

"हारा की! उद्या परत खेळायचंच हाय," एवढंच तुमचं उत्तर. मला तेव्हा ते कठोर वाटलं होतं. आता वाटतं, तिला सगळ्यांसारखं वागवणारे त्या शाळेत तुम्ही एकटेच होता.

मग परीक्षा तोंडावर आली. मी गोड बोलून म्हणाले, "पंधरा दिवस तुमचा तास द्या, सर, अभ्यासक्रम राहिलाय." तुम्ही एक शब्द न बोलता दिलात. का दिलात हो? थोडं भांडायचं तरी! चौथ्या दिवसापासून पूनम शाळेत यायची बंद झाली. तुम्ही तिच्या मावशीकडे जाऊन आलात आणि माझ्या वर्गाच्या दारात थांबलात.

"मॅडम, ती पोरगी दिवसभर त्या एका तासासाठी शाळेत बसायली होती."

एवढंच. मी त्याच दिवशी तास परत दिला. पण काय सांगून दिला? "माझा भाग संपलाय" म्हणून! तो संपला नव्हता, सर. माझं चुकलं, एवढे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. शोकसभेतही मी तुमच्या सेवेची वर्षं वाचून दाखवली आणि हे गिळलंच.

पूनम परत आली, आणि काही आठवड्यांनी ती दुपार आली. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. मैदानावरून बारीक, घोगरा आवाज आला, "खो!" सगळी पोरं जागच्या जागी थिजली. मी खडू टाकून धावत सुटले, तिला जवळ घ्यायला. तुम्ही हात आडवा केलात. "आत्ता न्हाई, मॅडम. डाव चालू हाय." आणि पोरांना ओरडलात, "थांबले कशाला? पळा!"

किती मोठं मन लागतं हो, आपलं यश असं न थांबता पुढे जाऊ द्यायला! मी असते तर मिठाई वाटली असती, त्या लेकराला फोटोला उभं केलं असतं, आणि ती पुन्हा गप्प झाली असती.

आता पूनम सहावीत आहे. आज दाराशी जमलेल्या पाचवीच्या पोरांत ती मागे उभी होती. खेळाच्या तासाचा तो प्रश्न तिनेच विचारला होता, सर.

म्हणून वचन देते. उद्या प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन माझी डोलावलेली मान परत घेते. नवीन सर येईपर्यंत मैदानावर मी उभी राहीन. मला नियम येत नाहीत, शिट्टीही धड वाजत नाही; पोरं शिकवतील. पोरं हसली तर हसू दे. तो तास गणिताला मिळणार नाही, शिष्यवृत्तीला मिळणार नाही. मी कितीही गोड बोलून मागितला, तरी मलासुद्धा मिळणार नाही.

माझं चुकलं होतं, सर.

तुमची,
पाचवीची वर्गशिक्षिका
वैशाली