एक काना आणि एक मोकळी जागा

कळवा,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. हेमाआत्या,
साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. माझा खोकला गेला. आईबाबा ठीक आहेत.

माझं २५ जानेवारीचं पत्र तू नेहमीसारखं लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवलंस. तीन चुका काढल्यास. 'विद्यापिठ'मधला पि, 'आशिर्वाद'मधला शि आणि 'जाहिर'मधला हि. तिन्ही दीर्घ हवेत, मान्य. चौथी चूक तुझ्या नजरेतून सुटली. ती सुटणारच होती, कारण तो शब्द शुद्ध होता. फक्त खोटा होता.

मी लिहिलं होतं, "सुश्रुतदादाची अधिष्ठाता म्हणून एकमताने शिफारस झाली." तिथे "एका मताने" असं हवं. सहा विरुद्ध पाच.

एवढं लिहून मी उठले आणि गॅस बंद आहे ना ते बघून आले. दोनदा. आता पुढचं लिहिते.

अधिष्ठाता म्हणजे कोण हे तुला दादाने, तुझ्या लेकाने, सांगितलंच असेल. विद्याशाखेत कुठले अभ्यासक्रम चालणार, कुणाला कायम करायचं, कुणाचं कंत्राट पुढे न्यायचं, हे त्याच्या सहीने ठरतं. आमच्याकडे तो निवडायची रीत अशी आहे. शाखेतले अकरा प्राध्यापक चिठ्ठ्या टाकतात. उमेदवारांना मत नसतं. सगळ्या चिठ्ठ्या एकाच नावाच्या निघाल्या, तर ते एकच नाव कुलगुरूंकडे जातं आणि काम संपतं. मतं फुटली, तर दोन्ही नावं आकड्यांसकट वर जातात, आणि दोन्ही उमेदवारांना सगळ्या शाखेसमोर उभं राहून आपण काय करणार ते सांगावं लागतं, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात.

दादासमोर दुसरं नाव होतं डॉ. रसिका भोईर यांचं. मॅडम दिव्याच्या, तिथल्या जुन्या गावातल्या. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू करायचे, हा त्यांचा ध्यास.

चिठ्ठ्या दोघांनीच मोजल्या, निवृत्त होणारे अधिष्ठाता दौलतसर आणि मी. मी कचेरीतर्फे इतिवृत्त लिहायला बसले होते. सरांनी आकडे जाहीर केले नाहीत. "आकडे सांगितले की गट पडतात," म्हणाले, आणि फक्त दादाचं नाव वाचून दाखवलं. आकडे इतिवृत्तात येणारच होते. मी कच्च्या वहीत लिहिलं, "सहा विरुद्ध पाच, एका मताने." पक्की प्रत तयार होताना तो शब्द बदलला गेला. दौलतसरांनी न वाचता सही केली. प्रत सगळ्यांना गेली.

आत्या, 'बदलला गेला' असं मी आत्ता वर लिहिलं. कर्ता लपवायचा असला की माणसं कर्मणी प्रयोगात शिरतात, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा पुन्हा लिहिते. शब्द मी बदलला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. आकडे त्याला दौलतसरांकडून कळले होते. तो म्हणाला, "क्षिपू, सहा-पाच लिहिलंस तर पहिल्या दिवसापासून अर्धी शाखा माझ्या विरोधात बसेल. आकडा काढ, आणि त्या 'एका'चं जरा बघ ना." जरा बघ, एवढंच. मी आकड्यांची ओळ काढली. मग 'एका मताने'मधला काना काढला आणि मधली मोकळी जागा काढली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. आणि खाली 'इतिवृत्त लेखिका' म्हणून सही केली. नंतर रविवारी तुला तेच लिहिलं, कारण कागदावर एक आणि पत्रात एक असं लिहायचा धीर झाला नाही.

कुणीच आक्षेप कसा घेतला नाही, असं तू विचारशील. मलाही आधी तेच नवल वाटलं. आता कळतं. मतदान गुप्त होतं. ज्याने मॅडमना मत दिलं, त्याला 'हे खोटं आहे' म्हणायचं तर आपली चिठ्ठी उघडी करावी लागते, तीही होणाऱ्या अधिष्ठात्यासमोर. म्हणून पाच जण पाच खोल्यांत गप्प बसलेत, आणि बहुधा प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच होतो.

गेल्या सोमवारी रसिका मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. हातात इतिवृत्ताची प्रत होती. वर्गात एकदम कडक प्रमाण मराठी बोलतात, पण माझ्याशी घरच्यासारखं बोलतात. म्हणाल्या, "हरले त्याचं काय नाय गो. माणूस हरतो. पण अकरांत एक पण नाय? ज्यांच्यासंगं बारा वर्षं डबा खाल्ला, त्यातला एक पण नाय?" मग हसल्या. "बरं झालं, कळलं तरी. संध्याकाळच्या वर्गांची फाइल आता बंद करून टाकते."

मी मान खाली घालून स्टेपलरमध्ये पिना भरत राहिले. पिना आधीच भरलेल्या होत्या.

त्याच दिवशी मी दादाच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मी दुरुस्ती करणार."

"कसली?"

"काना आणि जागा."

तो आधी हसला. "अगं, तू अजून आईच्या टेबलावर बसून श्रुतलेखन लिहितेयस का?" मग दार लावून घेतलं. "हे बघ, निवड माझीच झालीय की नाही? सहा म्हणजे जास्तच ना? मग खोटं काय त्यात?"

"'एकमताने' खोटं आहे."

"आणि आईला कुणी लिहिलं एकमताने? मी? तिने वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंपासून तळमजल्यापर्यंत पेढे वाटलेत. आता तिला सांगणार, की बाई, पेढे परत मागा?"

मी त्याच्या टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत उभी राहिले. तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "तुझं कंत्राट एकतीस मार्चला संपतं. मी अधिष्ठाता झालो की पहिली सही तुझ्या कागदावर. एवढं लक्षात ठेव, आणि गप्प बस."

तो मला धमकी देत होता असं मला वाटत नाही. त्याला खरंच ती माया वाटत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दादा वाईट अधिष्ठाता होईल असं माझं म्हणणं नाही. कदाचित चांगलाच होईल. सगळ्यांसमोर उभा राहिला तर मॅडमपेक्षा सरस बोलेलही. मग बोलू दे ना! सहाजणांनी निवडलेला माणूस पाचजणांच्या प्रश्नांना का घाबरतो?

तुला आठवतं का बघ. दम्यामुळे माझी चौथीपर्यंतची शाळा तुझ्या डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर भरायची. एकदा श्रुतलेखनात मी 'पाऊल'वर अडले. दादा तुझ्या पाठीमागे उभा होता. त्याने बोटाने हवेत काना काढून दाखवला. तू मला दहापैकी दहा दिलेस. मी जेवले नाही, आणि ताटावरच रडून सगळं सांगितलं. तू वही मागवलीस, दहा खोडून नऊ केलेस. खरं बोलल्याचा एक परत देशील असं मला वाटलं होतं. दिला नाहीस. तेव्हा मला तुझा फार राग आला होता. आता नाही. या वेळीही तो एक मला नकोय.

अजून एक राहिलंय. ते शेवटी लिहावं आणि पान संपल्याचं निमित्त करून गाळावं, असं मनात होतं. नोकरीच्या अर्जात 'विद्यापीठात कुणी नातेवाईक आहे का' असा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं. दादा म्हणाला होता, आतेभाऊ नातेवाइकांत मोडत नाही. मोडतो. आणि ते मान्य केलं असतं, तर त्या दिवशी चिठ्ठ्या मोजायला मला बसवलंच नसतं. तीही दुरुस्ती मी करणार. त्यानंतर नोकरी राहील असं वाटत नाही. आईबाबांना अजून बोलले नाही. आज जेवताना सांगते.

आमच्या कचेरीतले जुने कारकून जगनभाऊ, त्यांना मी काल विचारलं, चिठ्ठ्यांचं पाकीट कुठे असतं.

"सीलबंद, माझ्या कपाटात. नव्वद दिवस. मग श्रेडर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एका कान्यासाठी कुणी नोकरी घालवतं का? लोक इथे आख्खी बाराखडी गिळून बसलेत."

"जगनभाऊ, पाकीट पुढच्या बैठकीत मागितलं तर द्याल?"

"अध्यक्षांनी मागितलं तर द्यावंच लागतं. नियम आहे." मग खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी मी रजा टाकणार होतो. नाही टाकत."

माझं कसं चाललंय हे तुला समजावं म्हणून सांगते. बोलायची वाक्यं मी कागदावर लिहिली आहेत, कारण ऐनवेळी माझा आवाज जातो. तीनच वाक्यं आहेत. "मागील बैठकीच्या इतिवृत्तात 'एकमताने' हा शब्द चुकीचा आहे. मोजणीत सहा आणि पाच मतं होती. बदल मी केला." चौथं वाक्य, की कुणाच्या सांगण्यावरून, ते मी लिहिलेलं नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण बोटं माझी होती, तेव्हा आधी माझं नाव.

दादा तुझा मुलगा आहे. तू माझ्यावर रागावलीस, बोलणं टाकलंस, तर मी ते सोसेन. पण "घरातली गोष्ट घरात ठेवायची होतीस" असं मात्र म्हणू नकोस. ती घरातली नाही. ती अकरा माणसांची आहे, आणि त्यातल्या पाचांची तर आपण खोडूनच टाकली.

हे पत्र उद्या सकाळी टपालात टाकते. कळव्याहून डोंबिवली, म्हणजे बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. ते बैठकीच्या एक दिवस आधी मिळावं असा मी हिशेब केला आहे, कारण तुला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला चालणार नाही. तू फोन करशील. मी उचलेन. मी रडेनही. पण ऐकणार नाही.

पत्र तपासून परत पाठव. ऱ्हस्वदीर्घ काढ, हवे तेवढे गुण काप. एकच शब्द तसाच राहू दे, मी तो काना आणि मधली जागा ठेवून लिहिला आहे.

पुढची बैठक विद्यापीठात, कोलशेतला, सकाळी अकरा वाजता. विषय क्रमांक एक : मागील इतिवृत्त कायम करणे. त्याच वेळी मी उभी राहणार आहे.

तुझ्या टेबलावर शिकलेली,
क्षिप्रा

ता. क. बैठकीची तारीख लिहायची राहिली : गुरुवार, १२ फेब्रुवारी.