आदेरितोचं गाणं आणि माझा खोकला

लिस्बन,
३ ऑक्टोबर २०१४

ती. अल्बानो मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो करता आणि मग आईला विचारता की पोरगा काय म्हणत होता, म्हणून हे पत्र. माझं नाटक उभं राहिलं. एका जुन्या बेकरीचं तळघर, चाळीसेक खुर्च्या, पियानोवाली मुलगी आणि रंगमंचावर मी एकटा. मीच प्रियकर, मीच घरमालकीण, मीच शेजारचा कुत्रा. मी आणि रुई या शहरात कसे भेटलो, एका खोलीत कसे राहिलो आणि एक दिवस तो सामान घेऊन कसा गेला, हे सगळं गाण्यांतून. आई म्हणते, तेच रडगाणं घरात फुकट ऐकवायचास, आता लोकांना तिकीट लावतोस.

शेवट मात्र सापडत नव्हता. रुई गेल्यावर काय गायचं? मग तुम्ही इस्त्री करताना गुणगुणायचात ते गाणं आठवलं. आदेरितोकाकांनी तुमच्यासाठी रचलेलं. मामा, मी दर सुट्टीत ते ऐकलंय, आणि तुम्हा दोघांना पाहिलंही आहे. शेवटी तेच गायचं आणि गाण्याआधी त्यांचं नाव घ्यायचं, अशी इच्छा आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाव घेणार नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा
तेल्मो


कोइंब्रा,
९ ऑक्टोबर

चि. तेल्मो यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. तळघर वाचलं आणि माझी झोप उडाली. तळघरात ओल असते, ओलीने गळा बसतो. बाहेर पडायला दुसरं दार आहे का तेही आधी बघून ठेव.

नाव नको. समोर झुल्मिराबाई राहतात, चर्चमधली फुलं त्याच करतात. त्यांच्या कानावर गेलं तर मी पाव आणायला कोणत्या तोंडाने बाहेर पडू? सगळी गल्ली आदेरितोला माझा भाडेकरू म्हणून ओळखत होती. त्याला शेवटचं नेलं तेव्हाही मी त्याच्या चुलतभावांच्या मागून, घरमालक म्हणूनच चाललो. या वयात ते मोडायला लावू नकोस. गाणं गा, पण कोणा विद्यार्थ्याने रचलं म्हणून सांग. कोइंब्राचं गाणं म्हटलं की लोक तेच धरून चालतात.

तू विषय काढलास आणि मला ते दुकान दिसायला लागलं. आदेरितो ट्राम चालवायचा. आमचं शिंप्याचं दुकान उताराच्या वळणावर, तिथे त्याला वेग कमी करावाच लागे. तेवढ्यात तो एक कडवं म्हणून घ्यायचा. आपल्याकडे विद्यापीठातले विद्यार्थी काळे झगे घालून मुलीच्या खिडकीखाली गातात, आणि मुलीला आवडलं तर ती दिवा लावते, विझवते. मी तेच झगे शिवायचो आणि भर दुपारी दुकानातला दिवा लावायचो, विझवायचो. मालक ओरडायचे की सूर्य काय सुट्टीवर गेलाय का. मी सांगायचो, काळ्या कापडावर काळा टाका दिसत नाही. ते खरंही होतं. आता रूळ उखडले, दुकानात मोबाइल विकतात. तरी वळणावर आलो की पाय आपोआप थांबतात.

मी काही यायचा नाही. गुडघे दुखतात, आणि गाडीत बसलो की गॅस बंद केला की नाही याचाच घोर लागतो.

पोटभर जेव, उशिरा फिरू नकोस, आणि म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा
अल्बानो मामा


लिस्बन,
१९ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी पहिला प्रयोग झाला. सगळ्या खुर्च्या भरल्या. रुई सामान बांधतो तिथे तर दोघीतिघी डोळे पुसत होत्या. शेवटी तुम्ही म्हणालात तसं सांगितलं, की एका विद्यार्थ्याने रचलेलं हे गाणं. गाणं संपलं, सगळं शांत झालं, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी खाकरलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, मुद्दाम केल्यासारखं. लोक हसले. मग दार वाजलं. पियानोवाली म्हणते, टोपीवाला म्हातारा होता, पुरुषाने पुरुषासाठी गायलेलं त्याच्या घशाखाली उतरलं नसेल.

काल पुन्हा ते गाणं आलं आणि माझा आवाजच फुटेना. सारखं वाटत होतं, आता कोणी खाकरेल. म्हणून पुढच्या प्रयोगापासून ते काढून टाकतोय. रुई गेला की अंधार. तुमच्या गाण्याची लोकांनी थट्टा करावी, हे मला सोसणार नाही.

माफ करा, आणि प्रेम कमी करू नका.

तुमचा
तेल्मो


कोइंब्रा,
२१ ऑक्टोबर

चि. तेल्मो यास आशीर्वाद.

अरे वेड्या, तो टोपीवाला म्हातारा मीच. गुडघ्यांचं खोटं सांगितलं नव्हतं, गुडघे घेऊनच आलो. गॅस बघायला स्टेशनवरून एकदा परतही गेलो.

तू लिस्बनला वाढलास, तुला कोण सांगणार? आपल्या गावात गाणं आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, घसा साफ करतात. तीच आमची दाद. तू शेवटची ओळ अगदी आदेरितोसारखी खाली आणलीस आणि माझा घसा मला न विचारताच सुरू झाला. शेजारच्या बाईने हातात खोकल्याची गोळी कोंबली आणि म्हणाली की आजोबा, एवढं होतंय तर घरी अंथरुणात पडून राहावं. मी लाजून उठलो. गोळी मात्र खाल्ली, लिंबाची होती.

गाणं काढायचं नाही. पण तू विद्यार्थ्याने रचलं म्हणालास, आणि लोकांनी माना डोलावल्या. तसं मीच सांगितलं होतं, ठाऊक आहे. अरे, तेच विद्यार्थी ट्रामच्या पायरीला लटकून त्याला चिडवायचे, की ए ट्रामवाल्या, तू घंटा बडव, गाणी आमची आहेत. तो हसायचा, घंटा वाजवायचा आणि पुढचं कडवं म्हणायचा. आयुष्यात त्याने एकच गाणं केलं. मी भितो म्हणून तेही त्यांच्या पदरात घालायचं? मला नाही बघवलं. तेव्हा नाव घे. आदेरितो कोर्देइरो, ट्रामचालक. आणि कोणासाठी केलं तेही सांग.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसलो होतो. झुल्मिराबाई दारात भाजायच्या चेस्टनटना चिरा पाडत होत्या. म्हणाल्या, शुक्रवारी एवढं नटून कुठे गेला होतात, आणि आज तोंड का पडलंय? मी म्हटलं, माझ्या आदेरितोचं गाणं ऐकायला गेलो होतो. माझ्या हा शब्द तोंडातून गेला तो गेला. बाईंची सुरी थांबली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी विचारलं की त्या नाटकाला पायऱ्या फार आहेत का आणि धरायला कठडा आहे का. मी म्हटलं, आहे. तर म्हणाल्या की शनिवारी मीही येते, गाडीत खायला माशाचे वडे करून आणते, पण तिथे खाकरलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेव. गळ्याला काहीतरी गुंडाळ, तळघर आहे. लोभ आहेच, आता तो उघड असू दे.

तुझा मामा, आणि आदेरितोचा,
अल्बानो